नॉमिनीचं नाव लावलं, म्हणजे झालं?

‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी 2011 साली मृत्युपत्र केलं होतं. 2013च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनींची नावं लावलेली होती. मग हा पैसा नॉमिनींचा की वारसांचा? प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल आला की नॉमिनी मालक होत नाही. कंपनीला किंवा बँकेला पैसे कोणाच्या तरी हाती सोपवून मोकळं व्हायचं असतं, त्या सोयीसाठी नॉमिनी. पुढे ते पैसे मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे, ज्याचे त्याला द्यावे लागतात.

मृत्युपत्र करून ठेवलेल्या माणसाच्या घरातला वाद मिटायला दहा वर्षं लागली. ज्यांनी काहीच केलेलं नाही, त्यांच्या घरी तर सहसा एकच वाक्य ऐकू येतं: ‘सगळीकडे नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही.’

खरं तर हे तत्त्व नवं नव्हतं. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 1983 सालीच ते सांगितलं होतं. पुढे 2015च्या दुरुस्तीने विम्यात एक अपवाद आला: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांनाच मिळावी, अशी तरतूद झाली. बाकी ठिकाणी जुनाच नियम. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. 2019 पासून महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हटलेलं आहे. तो मेन्टेनन्स भरेल, सभेला बसेल, पण खरे वारस ठरेपर्यंतच. शेतजमिनीवर वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव चढलं, तरी मालकी त्या नोंदीने ठरत नाही. ती नोंद महसूल कोणाकडून घ्यायचा हे सांगते.

तेव्हा मृत्युपत्र करायचं की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की काहीच केलं नाही तर कायदा कशी वाटणी करतो? ती वाटणी पसंत असेल तर खुशाल स्वस्थ बसावं. माझा अनुभव असा की बहुतेकांना ती ठाऊकच नसते.

‘नवरा गेला की सगळं बायकोचं’ हा समज घ्या. 1956च्या हिंदू वारसा कायद्यात विवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात नाहीत. समजा, एक कोटी वीस लाखांचा फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. प्रत्येकाचे तीस लाख. पत्नीच्या वाट्याला आलं घराचं पाव. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता गेल्या, की त्यांचे तीस लाख त्यांच्या मुलांमध्ये वाटले जातात. म्हणजे दीर आणि नणंद त्या फ्लॅटचे हिस्सेदार. त्यांचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण फ्लॅट विकायला काढला की त्यांची सही लागणार. दीर ऑस्ट्रेलियात असेल तर मुखत्यारपत्र आलं, वकिलातीचा शिक्का आला, आणि एवढं सगळं होईपर्यंत गिऱ्हाईक गेलं.

बाईच्या स्वतःच्या कमाईचं तर याहून विचित्र आहे. त्याच कायद्याच्या 15व्या कलमाप्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आई-वडील त्यांच्यानंतर. माहेरून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं. 2009 साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशा बाईचं प्रकरण होतं, जी लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झाली, सासरने बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने आयुष्यभर नोकरी केली. तिची पुंजी सासरच्या वारसांना मिळाली, कारण कायद्याचे शब्द स्पष्ट होते आणि सहानुभूतीने ते बदलता येत नाहीत. पुण्या-मुंबईत एकट्या राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, ज्यांची भाची रोज फोन करते अशा कितीतरी मावश्या आहेत. त्यांच्यासाठी मृत्युपत्र ही श्रीमंतांची चैन नाही. ते नसेल तर ज्या पुतण्याने वीस वर्षांत तोंड दाखवलं नाही तो दारात येईल, आणि कायदा त्याच्या बाजूने असेल.

मुलींच्या हक्काबाबत महाराष्ट्राने देशाच्या आधी पाऊल टाकलं. 1994च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ती भिंत केंद्राच्या 2005च्या दुरुस्तीने पाडली. वडील 2005 साली हयात असायला हवेत का, यावर मग पंधरा वर्षं उलटसुलट निकाल आले आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘गरज नाही’ म्हणून सांगितलं. तरी गावोगाव बहिणीला भाऊबीजेची साडी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल अजून आहे. बहीण राजीखुशीने सोडत असेल तर तिचा प्रश्न. पण काय सोडतेय हे तिला आधी कोणी वाचून दाखवतं का?

मृत्युपत्र करणं, गंमत म्हणजे, या सगळ्यात सर्वांत स्वस्त. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं पुरतं. नोंदणी केली, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला, तर पुढे ‘बाबांना कळत नव्हतं’ म्हणणाऱ्याला जरा जड जातं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावेत. पंच्याहत्तरीच्या गृहस्थाने पंच्याहत्तरीचेच दोन मित्र साक्षीला बोलावले तर कोर्टात उभं कोण राहणार?

मराठी मृत्युपत्रांत एक वाक्य हटकून असतं: ‘माझ्या पश्चात सर्व मालमत्ता माझ्या पत्नीस व तिच्या पश्चात मुलांस मिळावी.’ वाचायला किती नीट वाटतं. पण पत्नीला पूर्ण मालकी दिली असेल तर तिच्यानंतर कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार नवऱ्याला उरत नाही. ती ते घर विकूही शकते, भाच्याला देऊही शकते. आणि फक्त हयातीपुरता हक्क दिला असेल तर तिला औषधपाण्यासाठीसुद्धा घर विकता येत नाही. यातलं कोणतं, ते स्पष्ट लिहिलं नाही की दोन पिढ्या भांडतात. हिंदू बायकांच्या अशा मर्यादित हक्काबद्दल 1977 पासून निकालांवर निकाल येत आहेत. मला विचाराल तर घर पत्नीला पूर्ण मालकीने द्यावं आणि पुढचं मृत्युपत्र तिचं तिला करू द्यावं.

बक्षीसपत्राचा मोह मात्र वेगळ्या कारणाने होतो. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती पती, पत्नी, मुलं, नातवंडांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. शहरात त्यावर अधिभार. ‘मग आत्ताच करून टाकू, पुढे कटकट नको.’ पण मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र एकदा झालं की झालं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यातलं 23वं कलम ही एक वाट उघडी ठेवतं: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला सर्वोच्च न्यायालयाने घराचा ताबा परत देववला. तिच्या मुलाने बक्षीसपत्राच्याच दिवशी सांभाळ करीन असं वचनपत्र लिहून दिलं होतं. 2022च्या दुसऱ्या प्रकरणात अशी अट कुठेच नव्हती, तिथे आईच्या हाती काही लागलं नाही. तेव्हा द्यायचंच असेल तर अट कागदावर आणा आणि स्वतःचा राहण्याचा हक्क राखून ठेवा. ‘पोटच्या पोराला अटी कसल्या?’ असं वाटतं खरं, पण न्यायाधिकरण कागद मागतं.

गोव्यात यातलं बरंच उलटं आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. बाप कितीही रागावला तरी तो काढून घेता येत नाही. सामाईक मालमत्तेच्या विवाहात निम्मं मुळातच जोडीदाराचं, म्हणजे एक कोटीच्या मालमत्तेतले पंचवीस लाखच आपल्या मर्जीने देता येतात. आणि गोवेकराचा मुंबईत फ्लॅट असला तरी त्यालाही हाच कायदा लागतो, हे 2019च्या निकालाने ठरलं. मुस्लिमांना वारसांखेरीज इतरांच्या नावे मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशच देता येतं. तेव्हा नेटवरून उतरवलेला नमुना सगळ्यांना चालेल असं समजू नये.

मूल गतिमंद किंवा स्वमग्न असेल तर नुसतं मृत्युपत्र अपुरं पडतं, कारण त्याच्या नावावर आलेलं तो सांभाळणार कसा? इथे 1882च्या कायद्याखालचा खासगी विश्वस्त निधी उपयोगी: विश्वस्तांची नावं, दरमहा खर्च कशावर, मूल गेल्यावर उरलेलं कुणाला, सगळं लिहिता येतं. पालक नेमण्याची सोय 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा.

शेवटचा गैरसमज मुखत्यारपत्राचा. वडिलांनी मुलाला दिलेलं साधं मुखत्यारपत्र वडील गेल्यावर संपतं, हे लोकांना माहीत असतं. पण वडिलांचं भान हरपलं तरीही ते संपतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी मग उच्च न्यायालयात जाऊन पालकत्व मागावं लागतं. उपचारांपुरती एक वाट आहे. बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नका, हे आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्यता दिली. 2023 पर्यंत त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. प्रत आपल्या डॉक्टरकडे द्यावी, आणि एक त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती, जिला मध्यरात्री अतिदक्षता विभागाबाहेर ती दाखवावी लागेल.