पैसे भरले की एन्ट्री, मुदत संपली की बाहेर: टेलिग्रामचे पेड ग्रुप बॉट कसे सांभाळतात?

समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणारा एक जण एमपीएससी करणाऱ्या मुलांसाठी टेलिग्राम ग्रुप चालवतो. रोज चालू घडामोडींच्या नोट्स आणि सराव प्रश्न टाकतो. फी महिन्याला १९९ रुपये, मेंबर ३००. मुलं यूपीआयने पैसे पाठवतात, स्क्रीनशॉट टाकतात. तो प्रत्येकाला लिंक देतो आणि नाव एक्सेल शीटमध्ये लिहितो.

यात दोन गोष्टी हमखास होतात. मुदत संपलेले काही जण तसेच आत राहतात, कारण रोज शीट कोण तपासणार? आणि एखादा खोटा स्क्रीनशॉट खपून जातो.

हेच काम बॉटवर सोपवता येतं. पण ते चालतं कसं आणि फसतं कुठे?

पैशांपासून प्रवेशापर्यंत

टेलिग्रामवर 'बॉटफादर' नावाच्या अधिकृत बॉटकडून कुणालाही स्वतःचा बॉट फुकट तयार करता येतो. त्याला ग्रुपचा ॲडमिन करायचं आणि लिंक बनवण्याचे व मेंबर काढण्याचे अधिकार द्यायचे.

मुलगा बॉटला 'स्टार्ट' करतो, तेव्हा बॉटला त्याचा टेलिग्राम आयडी, म्हणजे एक कायमचा नंबर मिळतो. बॉट तो आयडी जोडून पेमेंटची लिंक देतो. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला आपोआप निरोप धाडतो. याला वेबहुक म्हणतात. स्क्रीनशॉटची गरजच उरत नाही, कारण खबर थेट गेटवेकडून येते.

इथे दोन काळज्या घ्याव्या लागतात. निरोप खरंच गेटवेचा आहे का, हे त्यासोबतच्या डिजिटल सहीवरून तपासायचं. आणि एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंटचा नंबर नोंदवून ठेवायचा. नाहीतर १९९ रुपयांत दोन महिने मिळतील.

लिंक मित्राला दिली तर?

बॉट कुणालाही परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. त्याला लिंकच द्यावी लागते. ती लिंक एकाच माणसापुरती आणि ठरावीक वेळेपुरती ठेवता येते. पण पैसे भरणाऱ्याने ती मित्राला पाठवली आणि मित्र आधी आत गेला, तर खरा मेंबर बाहेरच राहतो.

यावर उपाय म्हणजे 'जॉइन रिक्वेस्ट'. लिंक उघडल्यावर थेट प्रवेश मिळत नाही, विनंती जाते. बॉट आयडी पाहतो, पैसे भरलेल्यांच्या यादीत असेल तरच विनंती मंजूर करतो.

दर महिन्याचं काय?

यासाठी यूपीआय ऑटोपे आहे. एनपीसीआयने ही सोय २०२० मध्ये सुरू केली. ग्राहक एकदाच पिन टाकून मंजुरी देतो, पुढे दर महिन्याला रक्कम आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायलाच हवी. ही मंजुरी तो आपल्या यूपीआय ॲपमधून कधीही रद्द करू शकतो.

टेलिग्रामनेही २०२४ मध्ये स्वतःची सोय आणली. खासगी चॅनेलसाठी 'स्टार्स' या टेलिग्रामच्या चलनात महिन्याचं सबस्क्रिप्शन लावता येतं. गेटवे लागत नाही, पण मुलांना आधी स्टार्स विकत घ्यावे लागतात.

अवघड काम बाहेर काढण्याचं

मुदत संपलेल्यांची यादी सर्व्हर रोज तपासतो आणि बॉट त्यांना काढतो. ऐकायला सोपं आहे, पण खात्यात शिल्लक नाही किंवा बँकेचा सर्व्हर बंद आहे, म्हणून पैसे कापले गेले नाहीत तर? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ग्रुपबाहेर फेकला गेलेला मुलगा पुन्हा विश्वास ठेवेल का? म्हणून आधी आठवण आणि नंतर दोन-तीन दिवसांची सवलत ठेवावी. आठवणीचा मेसेजही ज्याने बॉट स्टार्ट केलाय आणि ब्लॉक केलेला नाही, त्यालाच जातो.

आणखी एक खाच आहे. बॉट मेंबरला काढतो तेव्हा 'बॅन' करतो. ती बंदी लगेच उठवली नाही, तर तोच मुलगा पुन्हा पैसे भरूनही लिंकवरून आत येऊ शकत नाही. काढणं आणि बंदी उठवणं या दोन्ही आज्ञा जोडीनेच द्याव्या लागतात.

नियमही पाहा

व्हॉट्सॲप ग्रुपसाठी असे अनधिकृत टूल वापरणं त्यांच्या अटींविरुद्ध आहे, नंबर बंद होऊ शकतो. पैसे घेऊन शेअर खरेदी-विक्रीचा सल्ला द्यायचा असेल तर सेबीकडे नोंदणी लागते, बॉट लावला म्हणून त्यातून सुटका नाही. आपल्या उदाहरणातली कमाई महिन्याला ५९,७०० रुपये, म्हणजे वर्षाला सात लाखांच्या वर जाते. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. प्राप्तिकराचा हिशेब वेगळा.

सुरू करण्याआधी एक चाचणी नक्की करा. दुसऱ्या नंबरवरून स्वतःच पैसे भरा, मुदत संपू द्या, बाहेर पडा आणि पुन्हा पैसे भरून आत या. शिवाय अडकलेल्या माणसाला बोलता येईल असा एक नंबर ग्रुपच्या माहितीत द्या. पैसे कापले गेले आणि प्रवेश मिळाला नाही, तर तो मुलगा बॉटला नाही, तुम्हालाच जाब विचारणार.