खर्र्याचे गाव आणि कर्करोगाचे संशोधन

कर्करोगाचे संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते, जनुके येतात, महागडी औषधे येतात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या जंगलपट्ट्यात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोलीत, या संशोधनाची सुरुवात पानठेल्यापासून करावी लागते. कच्च्या सुपारीची बारीक कात्रण, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा इथे पाहुण्यापुढे ठेवला जातो, मजुरीच्या मधल्या वेळेत वाटला जातो आणि भूक मारायलाही चघळला जातो. त्यातला धोका दुहेरी आहे. तंबाखू घातक आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवले, हे फार थोड्यांना माहीत असते. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, हळूहळू तोंड उघडेनासे होते. कर्करोगाच्या आधीची ही पायरी पुष्कळदा तरुण वयातच दिसते.

अशा ठिकाणी संशोधनाचे एकक रुग्ण नव्हे, गाव असले पाहिजे, हा विचार गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने रुजवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986मध्ये इथे काम सुरू केले. चातगावजवळचे शोधग्राम हे आज संस्थेचे केंद्र आहे. 1989मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी होती. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. दवाखान्याच्या नोंदवहीत न दिसणारे दुखणे गावात गेल्यावरच दिसते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे 39 गावांत आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन त्यांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999मध्ये मांडले गेले. 2016पासून राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासह जिल्हाभर चाललेला ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम याच परंपरेतला आहे. गावसंघटना, व्यसनमुक्त शाळा-कार्यालये, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसन-उपचार असे त्याचे चार हात आहेत.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे. कर्करोग व्हायला दोन-तीन दशके जातात, मग पाच-दहा वर्षांच्या कार्यक्रमाने तो टळला हे कशावरून ठरवायचे? याचे उत्तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कधीच देऊन ठेवले आहे. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतल्या 36,000 तंबाखू सेवन करणाऱ्यांना सवय सोडण्याबद्दल समजावले आणि वर्षानुवर्षे त्यांची तोंडे तपासली. 1986मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटलेले दिसले. कर्करोगाची वाट न पाहता त्याच्या आधीची खूण मोजता येते, हा त्याचा धडा. ताठरलेली तोंडे आणि पांढरे चट्टे गावोगाव मोजणे गडचिरोलीतही अशक्य नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. राज्यात 2012मध्ये गुटख्यावर आणि 2013मध्ये सुगंधित तंबाखू-सुपारीवर बंदी आली, तरी खर्रा मिळतोच. पानठेला हे कुणाचे पोटही आहे. मग बंदीपेक्षा तपासणीवर भर का देऊ नये? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. नुसत्या हुकमाने सवय जात नाही, म्हणून तर गावाचा स्वतःचा निर्णय आणि व्यसन सोडू पाहणाऱ्याला उपचार, ही जोड लागते. ठेलेवाल्याला दुसरा माल विकता येईल अशी वाट काढणे हाही त्याच कामाचा भाग मानला पाहिजे. तपासणी हवीच, मात्र तिला उपचाराची खात्रीची वाट हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूची एकदाच केलेली चाचणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकली, असे 2009मध्ये दिसले. कारण तिथे चाचणीमागे बार्शीचे कर्करोग रुग्णालय उभे होते. गडचिरोलीतल्या सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला अशा रुग्णालयापर्यंतचे अंतर फार मोठे आहे.

रोगातून वाचलेल्याचा विचार केला की गावाला एकक मानण्याचे कारण आणखी स्पष्ट होते. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना सहा-सात आठवडे किरणोपचार घ्यावे लागतात. मग लाळ आटते, गिळणे अवघड होते, बोलणे अस्पष्ट होते, मजुरी बुडते. एका जागी रोग झालेल्या तोंडात दुसऱ्या जागीही तो होऊ शकतो, आणि तंबाखू चालू राहिली तर हा धोका वाढतो. असा माणूस परततो तो त्याच ठेल्यापाशी, त्याच सोबत्यांत. खर्रामुक्त गाव हे निरोग्यासाठी प्रतिबंध आहे, तसेच वाचलेल्यासाठी उपचाराचा पुढचा भाग आहे. प्रतिबंध आणि उत्तरजीवन हे संशोधनाचे दोन वेगळे विभाग शहरात शोभतील. इथे तो एकच प्रश्न आहे.

म्हणून पुढचे काम एकट्या स्वयंसेवी संस्थेवर सोडून चालणार नाही. 2011मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत हे दोन्ही जिल्हे येतात, आणि चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एका जिल्ह्यात गावपातळीवरचा संघटित कार्यक्रम, शेजारी तसेच जंगल आणि तोच खर्रा, अशी तुलनेची जागा आपोआप तयार झालेली आहे. किती जणांनी खर्रा सोडला, किती तोंडे पुन्हा मोकळी उघडतात आणि वाचलेल्यांपैकी किती जण कामावर परतले, हे तीन आकडे दोन्ही जिल्ह्यांत सारख्या पद्धतीने दरवर्षी मोजले, तर जंगलातल्या या विद्यापीठाला कर्करोगाच्या संशोधनात स्वतःचे स्थान मिळेल, आणि ‘मुक्तिपथ’ला आपल्या कामाचा खरा हिशेब.