कोल्ड्रिंक, भोवळ आणि पहिले ७२ तास

काही वर्षांपूर्वी पिपरी मेघेच्या माझ्या दवाखान्यात कॉलेजातली एक मुलगी मैत्रिणीसोबत आली. "डॉक्टरसाहेब, काल वाढदिवसाला कोल्ड्रिंक घेतलं. नंतरचं काही आठवतच नाही," एवढेच ती म्हणाली. मी रक्तदाब तपासला, अशक्तपणा समजून टॉनिक लिहून दिले. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. महिन्याभराने ती आईबरोबर आली तेव्हा उमगले. पण तोवर पुरावा आणि प्रतिबंधक उपचार, दोन्हींची वेळ निघून गेली होती. ती चूक माझी.

आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून हा धोका मुंबई-पुण्याचाच, असे समजू नका. गुंगीचे औषध चहा-सरबतातही मिसळता येते आणि देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. चवीवरून ते कळेलच असे नाही. अचानक भोवळ, जीभ जड होणे, मधल्या काही तासांचा विसर पडणे ही त्याची लक्षणे.

मुलींनो, आपला ग्लास सोडून उठू नका. मैत्रिणीला गरगरू लागले तर तिला एकटी सोडू नका, "घरी पोचवतो" म्हणणाऱ्याच्या स्वाधीन तर मुळीच करू नका. ११२ वर फोन करा.

शंका आली तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच मोठे रुग्णालय गाठा. काही औषधे लघवीतून बारा तासांतच नाहीशी होतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. जितके लवकर तितके बरे. मात्र उशीर झाला तरी जाच.

अशा पीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. तक्रारीचा निर्णय व्हायचा असला तरी उपचार अडत नाहीत. तपासणीची भीतीही नको. अपमानास्पद 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा निषिद्ध ठरवली. आपल्या सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० पासूनच या तपासणीतील त्रुटींवर आवाज उठवला होता.

आईवडिलांना एकच विनंती. मुलगी सांगू लागली तर "तू तिथे गेलीसच कशाला?" असे आधी विचारू नका. त्या एका प्रश्नाने ती गप्प होते, आणि घड्याळ मात्र चालूच राहते.

मी आता असे कुणी आले की दार लावून, शांतपणे तो पुढचा प्रश्न विचारतो.