जबडा झालेलं पायाचं हाड

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जो टणक उंचवटा लागतो, तिथून बोट पायाच्या कडेने वर न्या. मध्ये हाड मांसात हरवतं आणि गुडघ्याच्या थोडं खाली, बाहेरच्याच अंगाला पुन्हा एक गाठ लागते. ही एकाच हाडाची दोन टोकं. त्याचं नाव फिब्युला. नडगीला खेटून उभं असलेलं हे सडपातळ हाड भार मात्र फारसा उचलत नाही. वेगवेगळ्या मोजमापांत त्याचा वाटा ६ ते १७ टक्क्यांच्या आसपास भरतो. बाकीचं ओझं नडगी पेलते.

या हाडाचं महत्त्व कळतं ते कर्करोगाच्या रुग्णालयात. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण सतत येत असतात. गाल आणि हिरडी यांच्या फटीत तंबाखूची गोळी, खर्रा, गुटखा वर्षानुवर्षं धरलेला असतो आणि गाठही बहुधा तिथेच उगवते. ती जबड्यात शिरली की हाडाचा तेवढा भाग कापून काढण्याखेरीज इलाज नसतो. हनुवटीचं हाड गेलं तर जिभेचा आधार सुटतो, लाळ ओठांबाहेर गळते, घास चावता येत नाही. फक्त धातूची पट्टी बसवून भागत नाही. रेडिएशननंतर ती पुष्कळदा कातडी फाडून बाहेर डोकावते. तिथे जिवंत हाडच हवं, आणि हाड जिवंत ठेवायचं तर त्याला रक्त हवं.

इथे फिब्युलाची रचना थक्क करते. तिच्या मागच्या अंगाने तिची स्वतःची रोहिणी उतरते आणि वाटेत हाडाला, त्यावरच्या पातळ आवरणाला आणि बाजूच्या कातडीला फांद्या देते. म्हणजे हाड, कातडी आणि रक्तवाहिनी असा सगळा संच एकत्र उचलता येतो. ऑस्ट्रेलियात इयन टेलर आणि सहकाऱ्यांनी असं हाड एका पायातून काढून दुसऱ्या पायाच्या मोडलेल्या नडगीत रक्तवाहिन्यांसकट बसवलं. त्याचा वृत्तान्त १९७५ साली छापून आला. १९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गोंनी याच हाडाचा जबडा घडवल्याचं मांडलं.

पण हाड सरळ आणि जबडा वाकडा, मग हे जमतं कसं? हाडातून पाचरीच्या आकाराचे तुकडे काढतात आणि उरलेले भाग एकमेकांवर टेकवून वळण आणतात. उसाचं कांडं मोडलं तरी साल धरून ठेवते, तसं बाहेरचं आवरण शाबूत राखलं जातं. प्रत्येक तुकड्याला रक्त पोचतं ते त्यातूनच. कुठे आणि किती अंशांत कापायचं हे सीटी स्कॅनवरून आधीच ठरतं आणि त्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर साचेही तयार होतात. पुष्कळदा हे घडवणं चालू असताना हाड पायातल्या रक्तावरच जगत असतं. घोट्याकडचे ६-७ सेंटीमीटर मात्र मागे ठेवावेच लागतात, नाहीतर घोटा डळमळतो. काही थोड्या लोकांत पावलाचा मुख्य रक्तपुरवठा याच रोहिणीवर असतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घेतात.

मग रोहिणी आणि नीला कापून मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. या वाहिन्यांचं तोंड जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं आणि धागा केसाहून बारीक, म्हणून टाके सूक्ष्मदर्शकाखाली पडतात. वाहिन्यांवरचे चिमटे सुटले की सगळ्यांची नजर हाडाच्या कापलेल्या कडेवर जाते: तिथून ताजं रक्त पाझरलं, तर हाड जगलं. पुढचे काही दिवस परिचारिका थोड्या थोड्या वेळाने तोंडातल्या त्या नव्या कातडीचा रंग बघतात. ती काळीनिळी पडली, तर नीला तुंबली असावी, आणि रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागतं.

सगळं नीट झालं तर तुकडे एकमेकांशी आणि मूळ जबड्याशी जुळून येतात, आणि पुढे त्या पायाच्या हाडात दातांचे इम्प्लांटही रोवता येतात. रुग्ण चालू लागतो. पायाच्या अंगठ्याची पकड थोडी कमी होते, एवढंच बहुतेकांच्या बाबतीत उरतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही इतकं अफाट कौशल्य टाळता येण्याजोग्या आजारावर खर्ची पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जागा बदलली की हे हाड वागणंही बदलतं. नडगीच्या जागी बसवलेली फिब्युला भार पडू लागला की वर्षागणिक जाड होत जाते. लहान मुलांत तर त्याहून नवल घडतं. दंडाच्या हाडाचं वरचं टोक कर्करोगामुळे काढावं लागलं, तर फिब्युलाचं वरचं टोक तिथल्या वाढीच्या कूर्चेसकट खांद्यात बसवता येतं. इटलीतल्या मार्को इनोसेंटी यांनी या शस्त्रक्रियेवर बरंच काम केलं आहे. कूर्चेला रक्त मिळत राहिलं, तर मुलाबरोबर ते हाड लांबीला वाढतं आणि खांद्याच्या खोबणीत हलता हलता त्याचं टोक त्या खोबणीला साजेसा आकार घेऊ लागतं.