इस्पितळाची वही

घरांतील वडील माणसावर शस्त्रक्रिया करवून घेण्याचा प्रसंग आला म्हणजे आपण इस्पितळ कसें निवडतों? शेजाऱ्यांचा अनुभव ऐकतों, ओळखीच्या डॉक्टरांस विचारतों, इमारतीची टापटीप पाहतों. मुलीसाठीं स्थळ पाहतांना सात पिढ्यांची चौकशी करणारे आपण, जेथें प्राणच दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचे तेथें मात्र, पूर्वीच्या रोग्यांचें पुढें काय झालें, एवढा एक प्रश्न विचारीत नाहीं.

हा प्रश्न अमेरिकेंत बोस्टन शहरीं डॉ. अर्नेस्ट कॉडमन या शस्त्रवैद्यानें आग्रहानें विचारला. प्रत्येक रोग्याची घरीं गेल्यावरही विचारपूस करावी, उपचार फसल्यास तो कां फसला तें लिहून ठेवावें व सर्वांस कळूं द्यावें, असें त्याचें म्हणणें. त्याच्या लहानशा इस्पितळांतून १९११ ते १९१६ या काळांत ३३७ रोगी बाहेर पडले. त्यांच्या बाबतींत घडलेल्या १२३ चुका त्यानें स्वतः छापून प्रसिद्ध केल्या! या स्पष्टपणाबद्दल व्यवसायबंधूंचा रोष तेवढा त्याच्या पदरीं पडला.

परंतु बीज वायां गेलें नाहीं. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या संस्थेनें १९१७ सालीं इस्पितळांसाठीं एक किमान नियमावली ठरविली. ती अवघ्या एका पानाची होती. प्रत्येक रोग्याची पूर्ण नोंद असावी, डॉक्टरांनीं ठराविक वेळीं एकत्र बसून आपल्या कामाची छाननी करावी, प्रयोगशाळेची व क्ष-किरणांची सोय असावी, असे तींतील साधे नियम. १९१८ सालीं शंभर वा अधिक खाटांचीं ६९२ इस्पितळें तपासलीं, तों कसोटीस उतरलीं फक्त ८९. निकाल इतका लाजिरवाणा, कीं नांवांची यादी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलाच्या भट्टींत जाळण्यांत आली! तपासणी मात्र थांबली नाहीं; १९५० पर्यंत ३,२०० हून अधिक इस्पितळें मान्यता पावलीं.

तपासणीनें व्यवस्था कळते. फळ कळण्यास आंकडेच प्रसिद्ध व्हावे लागतात. न्यूयॉर्क राज्यानें १९८९ पासून हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांची नोंद मागविली व पुढें इस्पितळवार मृत्यूंचें प्रमाण जाहीर केलें. रोग्यांच्या मूळ प्रकृतीचा हिशेब धरून काढलेलें हें प्रमाण १९८९ मध्यें शेंकडा ४.१७ होतें, तें १९९२ मध्यें २.४५ वर आलें. एका इस्पितळास स्वतःच्या आंकड्यांवरूनच उमगलें, कीं तातडीच्या रोग्यांची प्रकृति स्थिरावण्यापूर्वींच त्यांजवर शस्त्रक्रिया होत आहे. ती रीत बदलतांच मृत्यू घटले. अर्थात् सर्व श्रेय प्रसिद्धीस द्यावें काय, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. आणि अपकीर्तीच्या भयानें डॉक्टर अत्यवस्थ रोगी टाळतील, ही शंकाही अनाठायीं नाहीं. म्हणून प्रकृतीचा हिशेब धरल्यावांचून असे आंकडे छापूं नयेत.

भारतांत २००५ सालीं स्थापन झालेलें ‘एन. ए. बी. एच.’ हें मंडळ इस्पितळें तपासून मान्यता देतें. परंतु ती घेणें बहुतांशीं इस्पितळाच्या इच्छेवर आहे, व उपचारांच्या फळाचे आंकडे सामान्य कुटुंबाच्या दृष्टीस क्वचितच पडतात. तेव्हां भिंतीवरील प्रमाणपत्र पाहून आपण थांबूं नये. ही शस्त्रक्रिया येथें वर्षांत किती वेळां होते, त्यानंतर कितीजणांस जंतुदोष होतो, चूक घडल्यास ती कोण तपासतो, हें विनयानें पण निःसंकोच विचारावें. ‘आमच्याकडे चुका होतच नाहींत’ म्हणणाऱ्यापेक्षां, आपली वही उघडून दाखविणाऱ्याच्या हातीं आपलें माणूस सोपविणें अधिक श्रेयस्कर होय.