निखाऱ्यावरचें अन्न

मार्गशीर्ष सरून पौष लागला कीं नाशिकच्या हवेंत बोचरा गारठा भरूं लागतो. निफाडचा पारा किती उतरला याची चर्चा घरोघर होते, आणि सुटीच्या दिवशीं शहरांतील कुटुंबें एखाद्या स्नेह्याच्या शेताची वाट धरतात. तेथें बांधाशेजारीं उथळ आगटी खणलेली असते. तींत गोवऱ्यांचा विस्तव फुलून वर राखेची साय धरलेली असते. आणि त्या राखेंत ज्वारीचीं हिरवीं कणसें खुपसून ठेवलेलीं असतात. भोंवतीं पोतीं अंथरून मंडळी बसतात आणि हुरड्याची पहिली मूठ हातीं येण्याची वाट पाहतात. अलीकडे या आगटीच्या जोडीला बंगल्यांच्या आवारांत व गच्च्यांवर जाळीची लोखंडी शेगडी दिसूं लागली आहे. तिला ‘बार्बेक्यू’ म्हणतात. कॅरिबियन बेटांतील मूळच्या रहिवाशांचा विस्तवावर उभारावयाच्या लांकडी माचीसाठीं असलेला शब्द स्पॅनिश लोकांनीं ‘बार्बाकोआ’ या रूपानें उचलला, आणि तोच पुढें जगभर पसरला.

शब्द परका असला तरी कृति परकी नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत राजाच्या भोजनाचें वर्णन आहे, आणि त्यांत शुळावर खोंचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या प्रकारांना मानाचें स्थान आहे. प्रश्न इतकाच कीं, तेंच वांगें, तेंच कणीस, तेंच मांस पाण्यांत शिजवलें तर एक चव आणि निखाऱ्यावर भाजलें तर निराळीच चव, हें कां व्हावें?

याचें उत्तर उष्णतेच्या मार्गांत आहे. पातेल्यांतील पदार्थाला उष्णता पोंचते ती पाण्याच्या द्वारें, आणि उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें १०० अंशांपलीकडे तापत नाहीं. फुललेल्या कोळशाचें तपमान मात्र ६००-७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनहि अधिक असतें, आणि त्याची उष्णता मुख्यत्वें किरणांच्या रूपानें, सूर्याच्या उन्हासारखी, थेट पदार्थावर येऊन पडते. प्रथम पृष्ठभागावरचें पाणी उडून जातें. तें उडेपर्यंत तो भाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. तो कोरडा झाला कीं तपमान झपाट्यानें चढतें, आणि १४० अंशांच्या सुमारास अन्नांतील शर्करा व प्रथिनांचे घटक यांचा वेगानें संयोग होऊं लागतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें. भाकरीवरचे तपकिरी ठिपके, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीच्या बियांचा रंग, हीं सर्व त्याच क्रियेचीं अपत्यें होत.

हुरड्यांत ही गोष्ट फार सुरेख दिसते. दाणा दुधांत असतांना त्यांत शर्करा पुष्कळ असते. पुढें तिचें पिष्ट बनतें आणि दाणा कठीण होतो. मधल्या थोड्या दिवसांत दाणा भरलेला, पण मऊ व गोड असतो, तोच हुरड्याचा काळ. कणीस ज्वाळेवर धरलें तर बाहेरून करपेल व आंत कच्चें राहील; म्हणून राखेखालचा विस्तव हवा. राख उष्णतेची वाहक म्हणून मंद असल्यामुळें ती निखाऱ्याचा ताप सौम्य करते, आणि दाणा स्वतःच्याच ओलाव्यांत वाफवून निघतो. गरम कणीस पोत्याच्या तुकड्यावर चोळलें कीं दाणे मोकळे होतात. मग तिळाची किंवा लसणीची चटणी, गूळ आणि दही एवढ्यानें मेजवानी पुरी होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ हे ज्वारीचे वाण खास हुरड्यासाठीं काढले आहेत. यावरून या हौसेच्या मागें शेतकऱ्याच्या चार पैशांचाहि विचार आहे हें दिसून येईल.

नाशिकच्या उत्तरेस खानदेशांत निखाऱ्याचा मान वांग्याकडे जातो. जळगांवच्या भरताच्या वांग्यांना २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तेथें हीं मोठीं हिरवीं वांगीं कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, सोलून लांकडी पात्रांत ठेंचतात, आणि मिरची, लसूण, कांद्याची पात व शेंगदाणे घालून कळण्याच्या भाकरीबरोबर वाढतात. तेंच वांगें शहरांतील गॅसच्या शेगडीवर भाजलें तर भरीत होतें, पण खानदेशी माणूस पहिल्या घांसालाच मान हलवतो. त्याची तक्रार निराधार नाहीं. गॅसची ज्योत उष्णता देते, धूर देत नाहीं.

धूर म्हणजे तरी काय? लांकडांत मुख्यत्वें सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हीं द्रव्यें असतात. लांकूड धुमसूं लागलें कीं पहिल्या दोहोंपासून गोडसर वासाचीं व पदार्थाला तपकिरी रंग देणारीं द्रव्यें निघतात. लिग्निनपासून ग्वायाकोल व सिरिंगोल हीं फिनॉल वर्गांतील द्रव्यें निघतात, आणि ज्याला ‘धुराचा वास’ म्हणतात तो बहुतांशीं यांचाच. कोळसा करतांना हीं द्रव्यें आधींच जळून गेलेलीं असतात. म्हणून उत्तम कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. वास येतो तो त्यावर टाकलेल्या काड्यांचा, जळत्या सालीचा किंवा ठिबकणाऱ्या स्निग्धाचा. वरणावर किंवा भरतावर वाटींत निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडावयाचें व झांकण घालावयाचें, ही धुंगार देण्याची घरगुती युक्तिहि याच तत्त्वावर चालते. धुरांतील पुष्कळशीं सुगंधी द्रव्यें स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. म्हणून तूप-तेल असलेल्या पदार्थाला धुंगार चांगला धरतो.

थंड देशांत धूर हा चवीपेक्षां टिकाऊपणासाठीं वापरला गेला. धुरांतील फिनॉलें व फॉर्माल्डिहाइड जंतूंना रोखतात, आणि मिठाच्या व सुकवण्याच्या जोडीनें मासा वा मांस महिनोन्‌महिने टिकतें. कोंकणच्या किनाऱ्यावर हें काम ऊन फुकट करतें. म्हणून तेथील बोंबील मांडवावर वाळतात, धुरांत टांगावे लागत नाहींत. गोव्यांतील चोरिसाला मात्र पोर्तुगीज वळणामुळें उन्हाबरोबर धुराचीहि सोबत मिळाली. रायगडकडची पोपटी ही आणखी निराळी. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ व ओवा भरून तें आगींत उपडें घालतात. येथें विस्तव बाहेर असतो आणि आंत केवळ पाल्याची सुगंधी वाफ. भाजणें, धुरी देणें व वाफवणें या तीन वेगळ्या क्रिया आहेत हें त्यावरून ध्यानांत येतें.

इतक्या गुणांबरोबर दोषहि येतात. स्निग्ध पदार्थ निखाऱ्यावर ठिबकला कीं जो काळा धूर उठतो त्यांत बेंझोपायरीन वर्गांतील द्रव्यें असतात, आणि बेंझोपायरीन माणसांत कर्करोग उत्पन्न करतें असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें दिलेला आहे. २०१५ सालीं तिनें धुरावलेल्या व खारवलेल्या प्रक्रियायुक्त मांसालाहि त्याच वर्गांत घातलें. वर्षांतून चार वेळां घेतलेल्या आनंदानें भिण्याचें कारण नाहीं. नित्याची संवय मात्र बरी नव्हे. मांस ज्वाळेंत न धरतां निखाऱ्याच्या बाजूस धरावें, करपलेला भाग काढून टाकावा, आणि कोंबडी आंतपर्यंत ७४ अंशांस पोंचली आहे याची खात्री करावी. वरचा रंग फसवा असतो. जळणहि पारखून घ्यावें. बाभळीचा कोळसा चांगला. रंग दिलेलें फर्निचर, रसायन लावलेल्या फळ्या व कण्हेरीच्या काड्या अन्नाखालीं कधींहि घालूं नयेत. विस्तव पेटत नाहीं म्हणून त्यावर रॉकेल ओतणें हा तर जिवाशीं खेळ आहे.

परंतु सर्वांत मोठा धोका जेवण उरकल्यानंतरचा आहे. रात्र थंड असते, मुलें गारठलेलीं असतात, शेगडींत अजून लाल निखारे असतात आणि धूर तर दिसत नाहीं. मग कोणी तरी ती शेगडी उबेसाठीं खोलींत नेऊन ठेवतें व खिडक्या लावून घेतें. धूर नाहीं म्हणजे विष नाहीं, ही समजूत येथें घातक ठरते. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. डोकें जड होतें, मळमळतें, झोंप येते; आणि निजलेल्या माणसाला तीं चिन्हें कळतहि नाहींत. असा संशय आल्यास माणसाला तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें व विनाविलंब रुग्णालयांत न्यावें.

जुन्या वाड्यांत विस्तव परसांत असे, आणि बंबाखालचे निखारेहि उघड्या जागेंतच विझत. तो शहाणपणा सिमेंटच्या घरांतहि पाळतां येतो. हुरडा संपला, भरीत झालें, कीं निखाऱ्यांवर पाणी घालावें, राख ढवळून पुन्हां पाणी घालावें, आणि शेगडी पूर्ण थंड होईतों बाहेरच ठेवावी. उबेसाठीं घोंगडी पुरे आहे.