चाक आणि रस्ता (भाग ६) : फॉर्मवरचा तो एक रकाना

कुस्तीच्या मैदानात काटा असतो. पैलवान काट्यावर उभा राहतो, आकडा दिसतो, गट ठरतो, वाद संपतो. सायकलच्या रस्त्यावरच्या शर्यतीला असा काटा नाही. फॉर्मवर 'गट' नावाचा एक रकाना असतो आणि हौशी स्पर्धेत तो बहुतेक वेळा आपणच भरायचा असतो. मागच्या आठवड्यात टायरमधल्या हवेबद्दल बोललो. हवा चुकली तर एखादं पंक्चर होतं. हा रकाना चुकला तर अख्खा रविवार जातो.

माझा पहिला रविवार असाच गेला. सरावात मी एकटा ताशी ३२ किलोमीटरची सरासरी काढत होतो आणि मोबाइलवरचं ॲप त्याबद्दल शाबासकीही देत होतं. त्या भरात खुला गट भरला. सुरुवातीचे पाच किलोमीटर मजेत गेले. ताशी ३८ चा वेग होता, तरी पाय हलके वाटत होते. मग पहिलं काटकोनी वळण आलं. पुढच्यांनी ब्रेकला जेमतेम बोट लावलं, वळण घेतलं आणि सीटवरून उठून निघाले. मी शेपटाला होतो. तिथपर्यंत ती गती पोचता पोचता सगळे थबकले आणि मी जवळजवळ थांबलोच. वळणातून बाहेर पडलो तर समोरचं चाक दहा मीटर पुढे. ते दहा मीटर भरून काढताना छातीचा भाता झाला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, आणि या वेळी वीस मीटर. उरलेलं सगळं अंतर मी, समोरून वारा आणि मागे सावकाश येणारी रुग्णवाहिका.

चूक पायांची नव्हती, हिशेबाची होती. ताशी ३० वरून ४० वर जायचं तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवा कापायला लागणारी ताकद सव्वादोन पटींहून जास्त होते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की या ताकदीतला चौथा ते तिसरा हिस्सा वाचतो. म्हणून बंचमध्ये, म्हणजे एकत्र धावणाऱ्या स्वारांच्या घोळक्यात, ३८ सोपे वाटतात आणि बंच सुटला की ३२ सुद्धा जड जातात. थोडक्यात, एकट्याने काढलेली सरासरी गट ठरवायला फारशी कामाची नाही. प्रत्येक वळणानंतर पंधरा-वीस सेकंद झेपावायचं, परत श्वास जमवायचा आणि हे तीस वेळा करायचं, असं जमतं का, हा खरा प्रश्न.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न स्वारावर सोडत नाहीत. परवाना काढणारा नवा स्वार चौथ्या श्रेणीत सुरू होतो. शर्यतीतल्या क्रमांकाचे गुण साठतात. १२ गुणांवर तिसरी श्रेणी, मग ४० गुणांवर दुसरी आणि पहिलीसाठी २००. अमेरिकेत शिडी पाचपासून एकपर्यंत चढते. तिथे पाचमधून चारमध्ये जायला बरीच वर्षं जिंकण्याची अटच नव्हती. सामूहिक सुरुवातीच्या १० शर्यती केल्या की पुरे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पहिल्या पायरीवर वेग मोजायचाच नाही, गर्दीत सायकल सरळ चालवता येते का एवढंच बघायचं. कारण तुमचं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाला आडवं घासलं, तर बहुधा पडता तुम्ही, पण तुमच्या मागचे चार जणही तुमच्यावर येऊन पडतात.

आपल्याकडच्या हौशी शर्यतींत अशी शिडी सहसा नसते. इथे गट पाडतात ते वयावर आणि सायकलीवर : रोड बाईक, हायब्रिड, एमटीबी. वयाच्या बाबतीत नियमपुस्तक आधी वाचा. आंतरराष्ट्रीय नियमात शर्यतीच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करतात, वाढदिवस बघत नाहीत. त्यामुळे ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा १ जानेवारीलाच वरच्या गटात जातो.

आणि 'मास्टर्स' म्हणजे काका लोकांचा निवांत गट, या समजुतीने नाव घालू नका. पंचेचाळिशीचा, पोट जरा सुटलेला वाटणारा गृहस्थ वीस वर्षं बंचमध्ये फिरलेला असतो. तो तासभर कुणाच्या तरी सावलीत बसतो, एकदाही पुढे येऊन वारा अंगावर घेत नाही आणि शेवटच्या दोनशे मीटरला दिसेनासा होतो. त्याच्याकडून शिकायला जा, खुशाल जा. सोपं जाईल म्हणून जाऊ नका.

गटाइतकाच रस्ताही बघायला हवा. तासभर २४० वॉट टिकवणारे दोन स्वार घ्या, एक ६० किलोचा, दुसरा ८० चा. सपाटीवर दोघं खांद्याला खांदा लावून जातील. घाट लागला की पहिल्याच्या वाट्याला किलोमागे ४ वॉट, दुसऱ्याच्या वाट्याला ३, आणि तिथे गोष्ट संपते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा वेगळा किताब देतात तो उगाच नाही. वजनदार स्वाराने घाटाच्या शर्यतीत एक गट खाली उतरण्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र उतरण्यालाही हद्द आहे. रोड बाईकवर वर्षानुवर्षं शर्यती केलेला माणूस उसनी हायब्रिड घेऊन नवख्यांत उभा राहतो आणि चषक घेऊन जातो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. दहावी झालेल्या पोराने पुन्हा सातवीच्या परीक्षेला बसून पहिला नंबर मिरवावा, तसलाच प्रकार. नियमात बसतो म्हणून आयोजक काही बोलत नाहीत, पण ज्या पोराचा तिसरा क्रमांक त्याने खाल्ला ते पोर पुढच्या वर्षी येत नाही.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी एक काम करा. त्याच शर्यतीचा मागच्या वर्षीचा निकाल मिळवा. विजेत्याची वेळ बघू नका, ती नेहमी भुलवते. प्रत्येक गटात मधोमध आलेल्या स्वाराची वेळ काढा आणि ग्रुप राइडमधल्या तुमच्या वेळेशी ताडून बघा. ज्या गटात तुम्ही त्याच्या आसपास बसता, तो तुमचा गट. दोन गटांमध्ये अडलात आणि बंचमध्ये आजवर दहा वेळाही सायकल चालवली नसेल, तर खालचा भरा.

पुढच्या भागात : शर्यतीच्या आदल्या रात्री काय खायचं, आणि सकाळी काय खायचं नाही.